कंपनी कायद्याचं काम घेताय? आधी शंभर रुपये खर्च करा

दिवाणी आणि चेक बाउन्सची कामं करणाऱ्या वकिलाकडे कधी ना कधी कंपनीचं भांडण येतंच. नाशिक, इचलकरंजी, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, कुठेही पाहा. तिथल्या बहुतेक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या म्हणजे घरचाच कारभार असतो: दोन भाऊ, एखादा मेहुणा आणि सह्यांपुरत्या संचालक असलेल्या वहिनी. भावांचं फाटलं की प्रकरण वाटणीच्या दाव्यासारखं दिसतं, पण ते जातं राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे. मग नवख्या वकिलाला वाटतं, आता महागडा डेटाबेस घ्यावा लागणार, खंडच्या खंड मागवावे लागणार. तसं काही नाही. या कामातला पहिला आणि सगळ्यात उपयोगी खर्च शंभर रुपयांचा आहे.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर कंपनीची ढोबळ माहिती फुकट दिसते: स्थापनेची तारीख, अधिकृत आणि भरणा झालेलं भांडवल, शेवटची वार्षिक सभा कधी झाली, कोणत्या बँकेचा किती बोजा आहे. त्यापुढे निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रं पाहायची तर एका कंपनीसाठी १०० रुपये भरावे लागतात. हा अधिकार कायद्याच्या कलम ३९९ ने कोणालाही दिला आहे. त्यासाठी भागधारक असण्याची गरज नाही. मात्र कागद उघडे राहतात ते ठरावीक वेळापुरतेच. तेव्हा शांतपणे बसता येईल अशा वेळी पैसे भरा आणि दिसेल ते सगळं लगेच उतरवून घ्या.

उतरवून घेतल्यावर काय वाचायचं? समजा, धाकटा भाऊ तुमच्याकडे आला आहे आणि म्हणतो आहे, ‘आमची निम्मी निम्मी भागीदारी, पण दादा मला विचारत नाही.’ आधी प्रत्येक वर्षाचं वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७ काढा. छोट्या कंपनीचं असेल तर एमजीटी-७ए. भागधारकांच्या याद्या एकाखाली एक मांडा. एखाद्या वर्षी अशिलाचा हिस्सा ५० टक्क्यांवरून एकदम २० वर आलेला दिसला, तर त्या दोन याद्यांच्या मधल्या काळातला पीएएस-३ शोधा. नवे शेअर वाटले की हा फॉर्म भरावा लागतो आणि सोबत कोणाला किती वाटले याची यादी लागते. मग प्रश्न सरळ होतो: कलम ६२ प्रमाणे अशिलाला आधी देकार दिला होता का? त्यानंतर डीआयआर-१२ पाहा, संचालक कधी आले आणि कधी गेले ते कळतं. अशिलाचा स्वतःचा राजीनामा त्याच्या नकळत दाखल झालेला दिसला, तर प्रकरणाची दिशा तिथेच ठरते.

संचालक मंडळाचे ठराव मात्र इथे सहसा सापडायचे नाहीत. प्रायव्हेट कंपन्यांना त्यातले बहुतेक ठराव दाखल करण्यातून २०१५ पासून सूट आहे.

कागद पुरावा म्हणून लावायचा असेल तर प्रमाणित प्रत घ्यावी लागते. दर पानी २५ रुपये. चाळीस पानांचे आर्टिकल्स असतील तर हजार रुपये झाले. म्हणून सगळ्याच कागदांच्या प्रती मागवू नका. ज्यावर भांडण उभं आहे ते चार-पाच निवडा. निबंधकाने प्रमाणित केलेली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते, त्यामुळे ‘ही सही माझी नाही’ म्हणणाऱ्यांचा निम्मा जोर इथेच जातो.

अशील भागधारक असेल तर कंपनीकडूनही थेट मागणी करता येते, आणि हा मार्ग वकील फारसा वापरत नाहीत. सदस्यांची नोंदवही सदस्याला फुकट पाहता येते. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत पानाला जास्तीत जास्त १० रुपये देऊन मिळते, तीही कामकाजाच्या सात दिवसांत. मागच्या तीन आर्थिक वर्षांतल्या सभांचं इतिवृत्त सॉफ्ट कॉपीत मागितलं तर फुकट. कंपनीने नकार दिला तर कंपनीला २५ हजार आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५ हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या रकमेपेक्षा तो नकारच पुढे जास्त कामाला येतो. मागणी रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवा.

आता पुस्तकं. कंपनी कायदा २०१३ चा आहे, ४७० कलमांचा. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, आणि नियम तर कायद्याहून जास्त वेळा बदलतात. ‘छोटी कंपनी’ कोणती, याचंच उदाहरण घ्या. भरणा भांडवलाची मर्यादा मूळ कायद्यात ५० लाख होती. ती २०२१ मध्ये २ कोटी, २०२२ मध्ये ४ कोटी आणि डिसेंबर २०२५ मध्ये १० कोटींवर गेली. उलाढालीची अटही सोबत बदलत आली. छोटी ठरली की कंपनीला वर्षात दोनच संचालक सभा पुरतात आणि बऱ्याच चुकांचा दंड निम्म्याहून जास्त लागत नाही. म्हणजे अप्पा बळवंत चौकातून स्वस्तात आणलेला तीन वर्षांपूर्वीचा बेअर अ‍ॅक्ट तुम्हाला थेट चुकीचं उत्तर देईल. इतर विषयांत जुनं पुस्तक चालून जाईल, इथे नाही. कायदा आणि नियम एकत्र असलेली चालू आवृत्ती हजार-दीड हजारात मिळते; ती दरवर्षी घ्या. अधिसूचना ई-गॅझेटवर आणि एमसीएच्या पोर्टलवर फुकट मिळतात. त्या महिन्यातून एकदा चाळल्या तरी पुरे.

रामय्यांचा ‘गाइड टु द कंपनीज अ‍ॅक्ट’ हा कित्येक खंडांचा संच आहे आणि किंमत पाच आकडी. घरी हवाच असं नाही. वर्षाला दोन-चार प्रकरणं असतील तर बार असोसिएशनच्या किंवा उच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात बसून हवी ती पानं वाचणं परवडतं. त्याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त उपयोगी चीज म्हणजे कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेचं, आयसीएसआयचं, अभ्याससाहित्य. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं असल्यामुळे ते कोणता फॉर्म, किती दिवसांत, कोणाच्या सहीने, हे सगळं सांगतं. वकिलांची भाष्यं नेमकं हेच गृहीत धरतात. सभांविषयीची एसएस-१ आणि एसएस-२ ही सचिवीय मानकंही त्याच संकेतस्थळावर फुकट आहेत. ती पाळणं कलम ११८ ने सक्तीचं केलं आहे. सभेची नोटीस नीट होती का, याची उलटतपासणी याच दोन पुस्तिकांवरून करता येते.

निवाड्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर फुकट, इंडियन कानूनवरही साधा शोध फुकट, आणि न्यायाधिकरणाचे आदेश त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. या शाखेतले पायाभूत निवाडे तसे मोजकेच आहेत. शेअर हस्तांतरण नाकारताना संचालकांनी आपला अधिकार कसा वापरावा, हे बजाज ऑटो विरुद्ध फिरोदिया या १९७० च्या पुण्याच्या प्रकरणातच मिळतं. अल्पमतातल्या भागधारकांच्या तक्रारीला कुठपर्यंत दाद मिळते, यासाठी टाटा–मिस्त्री प्रकरणातला २०२१ चा निकाल वाचा. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र यांची वर्गणी सोय आणि वापरकर्ते पाहून ठरते. ती घ्यायचीच तर आधी चाचणीचा काळ मागा, फक्त कंपनी कायद्याच्या भागाचा दर विचारा आणि दोन-तीन वकील मिळून घेता येते का ते पाहा. पहिला सांगितलेला दर शेवटचा नसतो.

दाखल करण्याचा खर्च. कलम २४१ खाली दडपशाही व गैरव्यवस्थापनाच्या अर्जाला १० हजार रुपये शुल्क. त्यासाठी अशिलाकडे साधारण एक दशांश भांडवल हवं किंवा सदस्यसंख्येची अट पुरी व्हायला हवी. नसेल तर कलम २४४ खाली सवलत मागावी लागते. दिवाळखोरी संहितेखाली बँकेसारख्या वित्तीय धनकोला २५ हजार, माल किंवा सेवा पुरवणाऱ्याला २ हजार. पण थकबाकी एक कोटीच्या खाली असेल तर हे दार मार्च २०२० पासून बंद आहे. साठ लाखांच्या बिलासाठी अशील हट्ट धरत असेल तर त्याचे २ हजार वाचवा आणि व्यावसायिक दाव्याकडे वळवा. महाराष्ट्रातल्या कंपन्यांचं न्यायाधिकरण मुंबईतच आहे, त्यामुळे चंद्रपूरच्या अशिलाला प्रवास, मुक्काम आणि झेरॉक्सचे संच शुल्कापेक्षा महाग पडतात. हे आकडे पहिल्या भेटीतच सांगा.

एका फुकटच्या गोष्टीपासून मात्र सावध राहा. अंतिम आदेशाची एक प्रमाणित प्रत पक्षकारांना न्यायाधिकरणाकडून विनामूल्य मिळते. कंपनी कायद्याच्या अपिलाचे ४५ दिवस प्रत उपलब्ध झाल्यापासून मोजले जातात, म्हणून वकील निवांत असतात. दिवाळखोरीच्या प्रकरणात तसं नाही. तिथे मुदत ३० दिवसांची, फार तर आणखी १५, आणि फुकटच्या प्रतीची वाट पाहत बसलेल्याला मुदत वाढवून मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्ही. नागराजन प्रकरणात स्पष्ट केलं. निकाल लागला की लगेच पैसे भरून प्रतीचा अर्ज करा.

पोर्टलच्या, प्रतींच्या आणि शुल्काच्या पावत्या अशिलाच्या फाइलमध्येच लावा. हा खर्च तुमच्या फीमधला नाही. तो वेगळा मागायचा असतो, आणि कामाआधी मागायचा असतो.