चेहऱ्याच्या क्रीमचंही नाव डॉक्टरांना सांगा

गरोदर बाईने चेहऱ्याला काय लावावं हे सांगणारे घरीदारी पुष्कळ भेटतात. ‘सध्या काय लावतेस?’ असं विचारणारं मात्र क्वचितच कुणी असतं. माझ्या पहिल्या तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड सगळं झालं. चालू गोळ्यांची यादी लिहून घेतली गेली. रात्री झोपताना चेहऱ्याला लावत असलेल्या क्रीमचा विषय मात्र निघालाच नाही.

मी सहायक कृषी अधिकारी आहे. सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाच्या बागा, पीक नुकसानीचे पंचनामे, शेतीशाळा असं काम. डोक्यावर कायम ऊन. माझी कातडी मुळातच कोरडी. तिशी ओलांडेपर्यंत कपाळावर आणि डोळ्यांच्या कडांना अशा रेषा उमटल्या, की नव्या गावात गेलं की माझ्याच वयाच्या बायका मला ‘मावशी’ म्हणायच्या. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्रेटिनोइन असलेलं क्रीम लिहून दिलं आणि त्याचा गुणही आला. पुढे दिवस राहिले. क्रीम चालूच होतं.

दुसऱ्या तपासणीला गेले तेव्हा नाकाच्या कडेला निघालेली सालं डॉक्टरबाईंच्या नजरेस पडली. क्रीमचं नाव ऐकताच त्या म्हणाल्या, “हे आजपासून बंद.” मग त्यांनी समजावून सांगितलं. ट्रेटिनोइन, रेटिनॉल, अ‍ॅडापलीन ही सगळी अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली, म्हणजे रेटिनॉइड औषधं. याच घराण्यातली आयसोट्रेटिनोइन नावाची मुरमांची गोळी गर्भावस्थेत घेतली, तर बाळाच्या हृदयात, मेंदूत, चेहऱ्याच्या घडणीत गंभीर व्यंग येऊ शकतं. ती गोळी दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीच थांबवावी लागते. क्रीममधून रक्तात फार थोडं औषध जातं, म्हणून लावलं गेलं तरी घाबरून जायचं कारण नाही, गर्भपाताचा विचार तर मुळीच करायचा नाही. पण रेषा घालवण्यासाठी तेवढी जोखीमही कशाला घ्यायची? म्हणून क्रीम थांबवायचं.

नाव वेगळं, औषध तेच

क्रीम थांबलं आणि दिवस थंडीचे आले. उलट्यांमुळे पोटात पाणी ठरत नव्हतं. बोअरच्या जड पाण्याने कढत अंघोळ चालू होती. हसलं तरी गाल ताणायचे. रेषा पूर्वीपेक्षा ठसठशीत दिसू लागल्या, शिवाय गालांवर वांग उतरला. मेडिकल दुकानात विचारलं, तर दुकानदाराने चिठ्ठी न मागता एक ट्यूब पुढे केली. “वांगावर रामबाण आहे, मॅडम. सगळ्या नेतात.”

पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखर उजळला. नंतर उन्हात गेलं की गाल लालबुंद होऊन चुरचुरायचे. ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. त्यात तीन औषधं होती: हायड्रोक्विनोन, मोमेटासोन आणि ट्रेटिनोइन. जे थांबवायला सांगितलं होतं तेच दुसऱ्या नावाने परत आलं होतं, वर आणखी दोन साथीदार घेऊन. हायड्रोक्विनोन कातडीतून शरीरात बऱ्याच प्रमाणात शोषलं जातं, म्हणून गरोदरपणात ते टाळतात. मोमेटासोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइड मनाने चेहऱ्यावर लावत राहिलं, तर कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात आणि लावणं थांबवलं की आग होते. जहाल स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात वापरलं, तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो. अशी मलमं चिठ्ठीशिवाय सर्रास विकली जात असल्यामुळेच केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यांतली बरीचशी ‘शेड्यूल एच’ या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नसलेल्या औषधांच्या यादीत घातली. नियम आहे, पण काउंटरवर तो पाळला जाईलच असं नाही.

म्हणून डबीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, घटक वाचा. ज्या नावात ‘रेटिन’ ही अक्षरं येतात ते सगळं बाजूला ठेवा: रेटिनॉल, रेटिनिल पाल्मिटेट, ट्रेटिनोइन. अ‍ॅडापलीन आणि टॅझॅरोटीन या नावांत ती अक्षरं नाहीत, पण घराणं तेच. ‘केस, त्वचा, नखं’ यांच्यासाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्येही अ जीवनसत्त्व असू शकतं. ते रोज दहा हजार आययूच्या वर जाऊ नये. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतून मिळणाऱ्या बीटा कॅरोटीनचा असा धोका नाही. ते खुशाल खा. ‘वनस्पतीजन्य रेटिनॉल’ म्हणून खपणारं बाकुचिऑल बावचीपासून काढतात. बावचीच्या बियांच्या तेलात सोरालेन असतं आणि ते लावून उन्हात गेल्यास कातडी भाजते. वनस्पती आहे म्हणून निर्धोक, हे काही खरं नाही.

दागिने काढायला लावणारी डबी

डोहाळजेवणाच्या आधी जाऊबाई मला तालुक्याच्या पार्लरमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या ताईंनी एक पांढरी डबी दिली. “पूर्ण आयुर्वेदिक आहे, पोटुशीला चालते. फक्त लावताना मंगळसूत्र, नथ काढून ठेवा, सोन्याला डाग पडतो.”

कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघितल्याशिवाय पंपात औषध ओतू नका, हे शेतकऱ्यांना सांगण्यात माझी नोकरी चालली आहे. डबी मी उलटीपालटी करून पाहिली. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटक नाहीत. सोन्याला डागाळणारा पदार्थ म्हटल्यावर सोनाराच्या पेढीवरचा पारा कुणालाही आठवेल. झटपट गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो, आणि दागिन्यांना लागू देऊ नका ही सूचना त्याची एक जुनी खूण आहे. ती डबी मी उघडलीच नाही. पारा वारेतून बाळापर्यंत पोहोचतो, त्याच्या वाढत्या मेंदूला आणि आईच्या किडनीला इजा करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरं करणारी क्रीम वापरणाऱ्या काही जणांना किडनीचा आजार झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. लेबलवर ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरस क्लोराइड’ दिसलं तर तो पाराच समजा. लेबलच नसेल तर विचार करत बसू नका, डबी परत करा.

कोरड्या कातडीला काय लागतं

हे सगळं थांबवल्यावर मला जे उपयोगी पडलं ते फारच साधं होतं. कातडी कोरडी पडते ती तिच्यातलं पाणी उडून जातं म्हणून. पाणी कमी झालं की बारीक रेषाही खोल दिसतात. तेवढं पाणी धरून ठेवलं की निम्मं काम होतं.

अंघोळ कोमट पाण्याने आणि झटपट करा. साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवा. जड पाण्यात साबणाचा थर कातडीवर बसून राहतो. चेहऱ्याला बिनवासाचा सौम्य क्लेन्झर किंवा नुसतं पाणी पुरतं. पंच्याने घासू नका, टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरिन, सिरॅमाइड, हायलुरॉनिक अ‍ॅसिड हे घटक गरोदरपणात चालतात. महागातलं घ्यायची गरज नाही. ओलसर कातडीवर साधी पेट्रोलियम जेली पाणी अडवण्यात कुणाला हार जात नाही. खोबरेल तेलही चांगलं, पण तेही ओल्या अंगावर. तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी राखतं. टाचांच्या भेगांना दहा टक्के युरियाचं क्रीम लावता येतं.

सासूबाईंच्या मायेचा मान ठेवूनही बेसन-लिंबू मी नाकारलं. बेसनाने कोरडी कातडी आणखी खरवडते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर चट्टे उठून काळे डाग राहतात. मुलतानी मातीही तेलकट चेहऱ्यासाठी ठीक; ती कोरड्या चेहऱ्यातलं उरलंसुरलं तेल ओढून घेते. भरपूर पाणी प्या, ते गरोदरपणात हवंच. पण नुसतं पाणी पिऊन सुरकुत्या जातील ही आशा ठेवू नका.

वांगासाठी आणि रेषांसाठी काहीतरी लावायचंच असेल, तर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड आणि क जीवनसत्त्वाचं सीरम यांबद्दल डॉक्टरांना विचारा. ती सहसा चालतात. बोटॉक्स, फिलर, लेझर, जहाल पील, गोरेपणाची ग्लुटाथायोन इंजेक्शनं यांतलं काहीही या नऊ महिन्यांत नको. रेषा कुठे पळून जात नाहीत. बाळंतपणानंतर, अंगावर पाजणं सुरू असताना काय चालेल हे विचारून पुढे बघता येतं.

ऊन आणि धूर

वेळेआधी सुरकुत्या पाडणारं मोठं कारण ऊन आहे. गरोदरपणात तेच वांगही वाढवतं. टोपी, ओढणी, छत्री हे पहिलं औषध. त्यावर किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं. ती कातडीवरच राहतात, रक्तात जवळजवळ जात नाहीत. दोन बोटं भरून घ्या. शेतात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

दुसरं कारण आमच्या गावांत उघडपणे बोललं जात नाही: मशेरी. ती तंबाखूच आहे. तंबाखू कातडीचा रक्तपुरवठा कमी करते, चेहरा लवकर ओढलेला दिसतो, आणि पोटातल्या बाळाचं वजन घटतं. चेहऱ्यावर शंभर रुपयांचं क्रीम लावून सकाळी मशेरी घासणाऱ्या बाईचे पैसे वाया जातात. चुलीचा धूरही टाळता येईल तितका टाळा.

कोरडेपणा वाटतो, पण तो नसतो तेव्हा

शेवटच्या तिमाहीत तळहात आणि तळपायांना, विशेषतः रात्री, पुरळ नसताना खाज सुटली तर तेल चोळत बसू नका. यकृतातून पित्त नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते. त्यात बाळाला धोका असतो, आणि रक्तातल्या पित्ताम्लांची तपासणी करूनच ते कळतं. डोळे पिवळे, लघवी गडद असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोरड्या कातडीसोबत प्रचंड थकवा, बद्धकोष्ठता, सतत थंडी वाजणं असेल तर थायरॉइड पुन्हा तपासा. चेहरा फिकट आणि दम लागत असेल तर हिमोग्लोबिन बघा. क्रीम बदलून यातलं काहीच बरं होत नाही.

माझी मुलगी ठणठणीत जन्मली. त्यावरून ती क्रीमं निर्धोक ठरत नाहीत.

म्हणून सांगते बायांनो, पहिल्या तपासणीला जाताना फाईलसोबत एक पिशवी न्या. त्यात चेहऱ्याची, अंगाची, केसांची, पार्लरची, मेडिकलची, सासर-माहेरची प्रत्येक डबी आणि ट्यूब टाका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तिथेही नेता येईल. कुणी विचारायची वाट बघू नका. पिशवी टेबलावर ठेवा आणि विचारा, “यातलं काय ठेवू, काय टाकू?”