दुसरा सबवूफर कशासाठी?

१. दुसरा सबवूफर आवाज वाढवायला घेऊ नये. बेस प्रत्येक जागेवर सारखा ऐकू यावा, म्हणून घ्यावा. पंधरा फूट लांब हॉलमध्ये साधारण ३७ हर्ट्झचा सूर पुढच्या-मागच्या भिंतींपाशी घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचं, एवढंच गणित. सोफा नेमका मध्ये असेल तर तिथला हा खड्डा सबवूफर महागडा आणल्याने भरत नाही. आपल्याकडच्या विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब बेस परतवून लावतात, त्यामुळे हा चढउतार ठळक जाणवतो.

२. सगळ्यात जास्त वेळ जागा ठरवण्यात घालवावा. हार्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोल्यांसाठी हा प्रश्न तपासला. चार सबवूफर पुरेसे, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवलेले दोन जवळपास तितकेच चांगले, असा त्यांचा निष्कर्ष. कारण सुंदर आहे. ३७ हर्ट्झच्या त्या घुमण्यात एका भिंतीपाशी हवेचा दाब वाढतो तेव्हा समोरच्या भिंतीपाशी तो घटतो. दोन्ही टोकांना सबवूफर एकाच वेळी एकसारखे ढकलू लागले, की ते घुमणं उभंच राहत नाही. फ्लॅटमध्ये मागच्या भिंतीचा मध्य मोकळा मिळणं कठीण, पण त्यासाठी शोकेस सरकवावी लागली तरी सरकवावी.

३. रिसीव्हरला सबवूफरचे दोन आउटपुट दिसले म्हणजे दोन्हींची वेगळी जुळवणी होतेच असं नाही. अनेक रिसीव्हरमध्ये आतून सिग्नल एकच असतो, आणि ते काम साधी वाय केबलही करते. वायर सबवूफरच्या एलएफई सॉकेटमध्ये लावावी, क्रॉसओव्हर रिसीव्हरमध्येच ८० हर्ट्झवर ठेवावा. सबवूफरवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर, नाहीतर बेस दोनदा छाटला जातो.

४. आधी एकेक वाजवून दोघांची पातळी सारखी करावी, मग एकत्र वाजवून फेज जुळवावा, आणि रिसीव्हरचं स्वयंचलित कॅलिब्रेशन त्यानंतरच. दोन्ही मिळून आवाज एकट्यापेक्षा कमी झाला तर ते एकमेकांना खोडत आहेत. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक असेल तर हे पडद्यावर दिसतं. कानावर विसंबण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

५. बंद पेटीचा आणि पोर्टवाला सबवूफर एकत्र जोडू नये. फेज जुळवताना दमछाक होते.

६. सतत घुंऽ असा आवाज आला तर सबवूफर आणि रिसीव्हर एकाच स्विचबोर्डवरून चालवून पाहावं. वेगवेगळ्या बोर्डांच्या अर्थिंगमधून ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नये, कोणी कितीही सांगितलं तरी.

७. खालच्या मजल्यावर बेस पोहोचतोच, रबरी पॅडने फक्त जमिनीतून जाणारा थरकाप कमी होतो. पण सोफ्यावरचा खड्डा भरला की पूर्वीपेक्षा कमी आवाजात सिनेमा पुरतो. रात्री दहानंतर मी रिसीव्हरचा नाइट मोड लावतो.