कर्णधारपद सोपवताना: दोन शब्द, दोन जोड्या

या वेळच्या शब्दपाठाला दोन शब्द घेतलेत: ‘कर्णधार’ आणि ‘धुरा’. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर ते नेहमी जोडीने येतात. अमक्याकडे ‘कर्णधारपदाची धुरा’ दिली, असं आपण वाचतो आणि पुढे जातो. पण या दोन शब्दांमागची चित्रं अगदी वेगळी आहेत.

‘कर्ण’ म्हणजे कान हे आपल्याला माहीत असतं. संस्कृतात नावेच्या सुकाणूलाही कर्ण म्हणतात. तो धरणारा तो कर्णधार, आणि सुकाणू एका वेळी एकाच्याच हातात असतो. धुरा मात्र गाडीच्या जुवाशी जोडलेला शब्द आहे, आणि जू दोन बैलांच्या मानेवर असतं. नवा गोऱ्हा शिकवायचा तर शेतकरी त्याला मुरलेल्या बैलाशेजारी जुंपतो. म्हणजे सुकाणू हातातून हातात जातो, पण धुरा काही काळ दोघांनी मिळून ओढायची असते. कर्णधारपद सोपवताना या दोन्ही गोष्टी लागतात, असं मला वाटतं.

आधी सुकाणू. हॉकीचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. प्रत्येक संघाला एक कर्णधार हवाच, आणि त्याने ओळखू येईल अशी पट्टी लावायला हवी. सगळ्या खेळाडूंच्या वागण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. पंचांनी त्याला कार्ड दाखवून बाहेर बसवलं, तर लगेच दुसरा कर्णधार नेमावा लागतो. पट्टी कुणा एकाच्या मालकीची नाही, हे नियमातच आलं.

आता धुरा. पहिलं उदाहरण आपल्या बडोद्याचं आहे, फक्त खेळ क्रिकेटचा. विजय हजारे मूळचे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती घरातले, पण आयुष्य बडोद्यात गेलं. फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार हजारेच होते. त्याच वर्षी जूनमध्ये लीड्सच्या कसोटीत बडोद्याचे 23 वर्षांचे दत्ता गायकवाड त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा भारताकडून खेळले. दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली. त्या चौघांत गायकवाडही होते. पुढे हजारे आणि फडकर यांनी डाव सावरला.

आणि 1957-58 मध्ये? बडोद्याने रणजी करंडक जिंकला, अंतिम सामन्यात सेनादलाला हरवून. कर्णधार होते दत्ता गायकवाड. चाळिशी ओलांडलेले हजारे त्या काळात बडोद्याकडून खेळतच होते, आता फक्त एक खेळाडू म्हणून. ज्याला शून्यावर परतताना पाहिलं, त्याच्याच सांगण्यावरून मैदानात जागा बदलायची. विचार करा, सोपं असेल का हे?

दुसरी जोडी हॉकीची. पुण्याच्या खडकीतला धनराज पिल्ले 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत कर्णधार होता. भारताला हॉकीचं सुवर्ण 32 वर्षांनी मिळालं. त्या संघात ओडिशाच्या सुंदरगढचा एक तरुण बचावपटू होता, दिलीप तिर्की. पण सुवर्णानंतर थोड्याच दिवसांत काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळलं, आणि त्यांत खुद्द कर्णधार धनराजही होता. इथे मराठीतली क्रियापदं बघा. कर्णधारपद कुणी ‘सोडतो’, कुणाला ते ‘सोपवतात’, कुणाकडून ‘काढून घेतात’. बातमीत शेवट एकच दिसतो, नवीन नाव. पण जुन्या माणसाच्या मनात या तीन क्रियापदांत केवढं अंतर असेल!

धनराज परत आला. 2003 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकला मात्र कर्णधार होता दिलीप, वय 26. 36 वर्षांचा धनराज आपल्या चौथ्या ऑलिम्पिकमध्ये त्याच्या हाताखाली खेळायला उतरला. भारत सातवा आला. म्हणजे जू दोघांच्या मानेवर आलं की विजय ठरलेलाच, असंही नाही. तरी माझ्या मते चार ऑलिम्पिकच्या आकड्याइतकीच ही गोष्टही मोठी आहे.

हा पाठ मी का निवडला ते सांगते. मी तिसऱ्या वर्षाला आहे. या अंकानंतर मंडळाचं काम दुसऱ्या वर्षाच्या मैत्रिणीकडे जाणार. मागच्या महिन्यात तिने कार्यक्रमाचं निवेदन लिहून पाठवलं. मी मकरपुऱ्यातल्या घरी रात्री बसून ते दुरुस्त केलं, मग परत केलं, आणि सकाळी पाहिलं तर तिचं एकही वाक्य उरलं नव्हतं. तिने फक्त ‘थँक्यू ताई’ एवढंच लिहिलं. मला वाटलं होतं मी मदत करतेय. खरं तर मी सुकाणू सोडलाच नव्हता.

परवाच्या कार्यक्रमात तिने स्वतःचं निवेदन वाचलं. एका ठिकाणी अडखळली. मी पहिल्या रांगेत होते. पुढचा शब्द माझ्या ओठावर आला होता, पण गप्प बसले. तिला तिचा शब्द सापडला, आणि तो माझ्यापेक्षा बरा होता.

चर्चेसाठी प्रश्न:
1. ‘सोडणं’, ‘सोपवणं’ आणि ‘काढून घेणं’ यांतलं कुठलं क्रियापद तुमच्या अनुभवाला लागू पडतं? एक प्रसंग लिहा.
2. हाताखाली खेळलेल्याच्या हाताखाली खेळताना ज्येष्ठाने कधी बोलावं, कधी गप्प राहावं?
3. तुमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांत ‘कर्णधार’ला कोणता शब्द आहे? त्यामागचं चित्र कुठलं?