रुग्णवाहिका येईपर्यंत : श्वास राखण्याचा पाठ

घिवली हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. जवळच तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. तेथील वीज १९६९ साली मिळू लागली. बोईसरची औद्योगिक वसाहतही फार दूर नाही. तथापि गावातील मुलांचा वावर शाळा सुटल्यावर समुद्रकाठी, विहिरीवर व भातखाचरांत असतो आणि अपघाताचा संभवही तेथेच अधिक. असा प्रसंग ओढवला म्हणजे लोक जाणता माणूस म्हणून शिक्षकाकडे पाहतात. त्या वेळी शिक्षकाला काय करता येईल, हे सांगणे हा या पाठाचा उद्देश होय.

महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. तीत डॉक्टर व प्राणवायू यांची सोय असते. परंतु वाहनास अंतर कापावेच लागते. श्वास बंद पडल्यावर सुमारे चार ते सहा मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. तेव्हा इतर उपचार थोडे थांबू शकतील. श्वास थांबू शकत नाही. तो जवळ असलेल्या माणसानेच राखला पाहिजे.

१. बुडालेले मूल

पोहून वाचविण्याचे शिक्षण नसलेल्याने पाण्यात उडी घेऊ नये; एकाच्या जागी दोघे जातात. दोर, बांबू किंवा घट्ट बंद केलेला रिकामा डबा फेकावा. मूल बाहेर आल्यावर त्याला उलटे टांगण्याची, गरगर फिरविण्याची व पोट दाबून पाणी काढण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती सोडली पाहिजे. तीत अमूल्य वेळ जातो आणि पोटातील पाणी वर येऊन श्वासनलिकेत शिरते.

मुलाला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. हाक मारून, खांदा थोपटून पाहावे. छाती वरखाली होते की नाही हे दहा सेकंदांच्या आत पाहावे. श्वास नसेल किंवा नुसते आचके लागत असतील, तर एकाने १०८ ला कळवावे व दुसऱ्याने लगेच काम सुरू करावे. कपाळ मागे करून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरावे आणि तोंडाला तोंड लावून, छाती उचललेली दिसेल इतपतच, दोन श्वास द्यावेत. नंतर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवून तीस वेळा दाबावे. दाब छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश, म्हणजे शाळकरी मुलात सुमारे पाच सेंटिमीटर, खोल जावा व प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. श्वास सुरू झाल्यास मुलाला कुशीवर वळवावे. ते बोलू लागले तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.

छाती दाबण्याची ही रीत १९६० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संशोधकांनी प्रसिद्ध केली. त्यांतील कौवेनहोवन हे वैद्य नव्हते, विद्युत अभियंते होते. या रीतीस कोणतेही उपकरण लागत नाही.

२. सर्पदंश

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते. दंश दुखत नाही, खूणही क्वचितच दिसते. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसतात व शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. म्हणून सकाळी एखादे मूल डोळे उघडू शकत नाही असे आढळल्यास, साप कोणी पाहिला नसला तरी, सर्पदंशाचा संशय धरावा.

दंशाची जागा कापू नये, चोखू नये, वर आवळून दोरी बांधू नये. कडे, वाळा, अंगठी काढावी. मोडलेल्या हाडाप्रमाणे तो अवयव फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालू न देता रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होत आले आहे. ते रुग्णालयातच द्यावयाचे औषध होय. वाटेत श्वास बंद पडला, तर वर सांगितल्याप्रमाणेच श्वास द्यावा. मण्यारीच्या विषाने आलेला लुळेपणा उपचाराने उतरतो, तोवर श्वास चालू राहिला पाहिजे.

घरची माणसे भगताकडे धाव घेतील. तेथे वाद घालून वेळ दवडू नये व भगताचा अवमानही करू नये. त्यालाच रुग्णाबरोबर वाहनात बसण्याची विनंती करावी. त्याचा शब्द कुटुंबाला धीर देतो, आणि रुग्ण वेळेवर पोहोचतो.

३. वर्गातील पाठ

जिवंत, निरोगी माणसाची छाती सरावासाठी कधीही दाबू नये. गोणपाटात गवत घट्ट भरून गठडी करावी. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब द्यावयाचे, तर तीस दाबांस किती वेळ लागेल? पंधरा ते अठरा सेकंद. हे उदाहरण वरच्या वर्गातील मुलांकडून सोडवून घ्यावे आणि मोठ्याने आकडे मोजत गठडीवर सराव करवावा. लहान मुलांना तीनच गोष्टी शिकवाव्यात : पाण्यात उडी न घेता मोठ्यांना हाक मारणे, १०८ ला गाव, तालुका व जवळची खूण सांगणे, आणि वाटेवर उभे राहून रुग्णवाहिकेला रस्ता दाखविणे.

हा पाठ दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडताच, घ्यावा. त्याच सुमारास विहिरी भरू लागतात आणि साप बिळांतून बाहेर पडतात. पालकसभेतही गठडी मांडून तो करून दाखवावा. कारण रात्री मुलाजवळ शिक्षक नसतो, आईबाप असतात.