भाड्याचा कागद नोंदवून घ्या

गावात आपले स्वतःचे घर असते. पण कामधंद्यासाठी तालुक्याला गेले, की भाड्याची खोली लागते. कोणी बाजारपेठेत दुकानासाठी गाळा घेतो. कोणाची खोली रिकामी असते, तो ती शाळेच्या मास्तरांना भाड्याने देतो. आज आपण भाडेकरू असू, उद्या घरमालकही होऊ. म्हणून भाड्याचा कागद कसा करावा, हे दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

समजा, एका शिंपीदादांनी तालुक्याच्या गावी गाळा घेतला. गाळा एका काकूंचा. दादा म्हणाले, "काकू, कागद करायचा ना?"

काकू म्हणाल्या, "अरे, तू काय परका आहेस? तोंडी ठरलं ते ठरलं."

दादांनी बायकोची पाटली मोडून सोळा हजार रुपये अनामत दिली. पावती घेतली नाही. दोन वर्षे सुखाची गेली. मग काकू वारल्या. त्यांचा मुलगा मुंबईहून आला. तो म्हणाला, "दादा, अनामतीचं आई मला कधी बोलली नाही. आणि भाडं एवढं कमी कसं?"

यात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. काकू सरळ, दादा सरळ, मुलालाही खरेच माहीत नव्हते. फक्त कागद नव्हता. कागद करणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. माणूस विसरतो, माणूस जातो. कागद मागे राहतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १९९९ सालचा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याचे ५५ वे कलम सांगते, की भाड्याचा करार लेखी असावा आणि तो नोंदवलेला असावा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तंटा झाला, तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरतात. ते खोटे आहे, हे दुसऱ्या बाजूला सिद्ध करावे लागते. म्हणजे कागद नसल्याचा तोटा घरमालकालाही आहेच.

हा कायदा शहरांना आणि सरकारने ठरवून दिलेल्या गावांना लागतो. आपल्या गावाला लागतो की नाही, हे निबंधक कचेरीत विचारावे. लागत नसला, तरी नोंदवलेला कागद दोघांच्याही हिताचा. शेतजमिनीची गोष्ट मात्र वेगळी. तिला कूळकायदा आहे, त्याचे नियम निराळे.

कागदात काय लिहावे?

१. दोघांची पूर्ण नावे व पत्ते.
२. जागा कोणती, केवढी, कशासाठी दिली.
३. भाडे किती, कोणत्या तारखेला द्यायचे.
४. अनामत किती, ती परत केव्हा मिळणार.
५. मुदत किती महिन्यांची.
६. वीजबिल, पाणीपट्टी, दुरुस्ती कोणी करायची.
७. जागा सोडण्याआधी किती दिवस सांगायचे.

नोंदणी कशी होते?

दोघांनी कागदावर सह्या कराव्यात. साक्षीदारांच्याही सह्या घ्याव्यात. मग चार महिन्यांच्या आत तो कागद दुय्यम निबंधकांच्या कचेरीत न्यावा. ओळखपत्रे बरोबर असावीत. साहेब विचारतात, "ही सही तुमचीच का? मजकूर कबूल आहे का?" दोघांनी हो म्हटले, की बोटांचे ठसे व फोटो घेऊन कागद नोंदवतात. त्याची प्रत कचेरीत राहते. आपला कागद पावसात भिजला, तरी तेथून नक्कल मिळते. पण अटी बऱ्या की वाईट, हे साहेब पाहत नाहीत. ते आपणच पाहायचे.

'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची परवानगी. तिचा कागद आता संगणकावरूनही नोंदवता येतो. त्याला आधार क्रमांक व बोटाचा ठसा लागतो.

खर्च किती?

अशा परवानगीच्या कागदाचा हिशेब पाहू. भाडे दरमहा ३,२०० रुपये, मुदत २४ महिने. एकूण भाडे ७६,८०० रुपये. अनामत १६,००० रुपये. तिच्यावर सालाला दहा टक्के व्याज धरतात. दोन वर्षांचे ३,२०० रुपये झाले. बेरीज ८०,००० रुपये. त्यावर शेकडा चार आणे, म्हणजे पाव टक्का मुद्रांक शुल्क. ते झाले २०० रुपये. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० व नगरपालिकेच्या हद्दीत १,००० रुपये. कचेरीचा थोडा वरखर्च असतो, तो आधी विचारून घ्यावा. सोळा हजारांच्या तंट्यापेक्षा हा खर्च स्वस्तच म्हणायचा.

दोन गैरसमज

"नोटरीचा शिक्का मारला, झाली नोंदणी," असे लोक म्हणतात. तसे नाही. नोटरी वेगळी, नोंदणी वेगळी.

"अकरा महिन्यांचा कागद नोंदवायला नको," असेही म्हणतात. जेथे १९९९ चा कायदा लागतो, तेथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो.

आता आपले काम

पूर्वी दुसऱ्याने वाचून दाखवावे आणि आपण अंगठा उठवावा, अशी रीत होती. वाचणारा एखादी ओळ गाळी, ते आपल्याला कळत नसे. आता आपल्याला वाचता येते. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः वाचावी. आकडे व तारखा दोनदा पाहाव्यात. कोरी जागा असेल, तेथे रेघ मारून घ्यावी. शब्द अडला, तर विचारावा. विचारायला लाज कसली? आणि दर महिन्याला भाड्याची पावती मागून घ्यावी. तंटा झाल्यावर कागद शोधणे, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

शब्दांचे अर्थ

अनामत – परत मिळण्याच्या बोलीवर दिलेली ठेव.
दुय्यम निबंधक – कागद नोंदवून घेणारे सरकारी अधिकारी.
मुद्रांक शुल्क – कागदावर सरकारला द्यायचा कर.

प्रश्न

१. शिंपीदादांनी अनामत देताना काय करायला हवे होते?
२. कागद नोंदवण्याची जबाबदारी कोणाची?
३. भाडे दरमहा २,००० रुपये व मुदत १२ महिने असेल, तर एकूण भाडे किती?
४. कोणाकडे भाड्याचा कागद असेल, तर वर्गात आणून मोठ्याने वाचा. वरच्या सातांपैकी कोणती गोष्ट त्यात नाही?