पानगळीचे रंग पाहायला सह्याद्रीत कधी जावं?

ऑक्टोबर उजाडला की काश्मीरच्या चिनारांचे फोटो फिरू लागतात आणि ट्रेकच्या ग्रुपवर हमखास विचारलं जातं, ‘आपल्याकडे असं कुठे बघायला मिळेल?’ आश्विनात सह्याद्रीचं जंगल हिरवंगारच असतं. रंग मात्र आपल्याकडेही आहेत, आणि ते वर्षातून दोनदा येतात. दसरा-दिवाळीला गवताचे आणि रानफुलांचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांचे. पहिल्या वेळी गडांवर झुंबड उडते. दुसरी वेळ बहुतेकांकडून हुकते आणि माझ्या मते खरी तीच बघण्यासारखी.

पहिल्या हंगामासाठी रतनगड निवडा. सप्टेंबर सरताना सोनकीने गडमाथा पिवळा होतो, ती ओसरली की गवत सोनेरी व्हायला लागतं. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं मंदिर पाहून जंगलातून वर जायचं, शिड्या चढून गणेश दरवाजा गाठायचा. वरच्या नेढ्यात बसलं की अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई समोर असतात, भंडारदऱ्याचं पाणीही दिसतं. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, हवा स्वच्छ असते पण दहा वाजताच डोकं तापतं. म्हणून उजाडताच चालायला लागा, माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या. उतरताना वाळत आलेल्या गवताखालचा घसारा दिसत नाही, तेव्हा मळलेली वाट सोडू नका. याच दिवसांत पायथ्याला भात कापणीला आलेलं असतं. बांधावरून एका रांगेत चाला, खाचरात उतरून फोटो काढू नका.

आता दुसरा हंगाम. जानेवारीपासून साग, सावर, पळस पानं टाकू लागतात आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कुसुंबाला पालवी फुटते. ही पालवी जवळ जाऊन पाहावी. कोवळी पानं ओल्या कापडासारखी लुळी लोंबत असतात, रंग तांबडा, इतका गडद की लांबून झाड फुललंय असंच वाटतं. उन्हाच्या विरुद्ध बाजूला उभं राहून पाहिलं तर पानातली शीर न् शीर दिसते. थोड्याच दिवसांत तांबडा रंग तांबूस-पोपटी होतो आणि मग हिरवा. चिनाराचं पान गळण्याआधी लाल होतं, कुसुंबाचं उमलताना. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं तयार झालेलं नसतं, तेव्हा हे लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून जपतं.

त्याच सुमारास पळस आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. सावरीखाली जाडसर लाल फुलांचा सडा पडतो. फुलं ताजी असली की वर पक्ष्यांचा गलका असतो, म्हणून दुर्बीण असेल तर जरूर न्या. आणि कांडोळ विसरू नका. पानं झडली की त्याचं पांढुरकं, गुळगुळीत खोड उघड्या डोंगरउतारावर दुरूनही ओळखू येतं.

यासाठी फार लांब जायला नको. मुंबईकरांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सोमवारी बंद असतं) आणि कर्नाळा, पुणेकरांना ताम्हिणी जवळ आहे. सकाळी लवकर निघून अकराच्या आत सावलीत परत या. या दिवसांत गडावरची बरीचशी टाकी आटलेली किंवा गढूळ असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका, चार लिटर पाणी पाठीवरच हवं.

दोन गोष्टींची मात्र खरोखर काळजी घ्या. पहिली, आग्या मोहोळ. कड्यांवर, लेण्यांत, उंच झाडांवर ती असतात आणि धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हातवारे न करता, जाड कपड्याने डोकं-तोंड झाकून कड्याच्या धारेपासून आणि मोहोळापासून लांब जा. दुसरी, वणवा. पाचोळ्यात पडलेली एक ठिणगी सगळा डोंगर जाळते, त्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि नुकतं रुजलेलं रोप दोन्ही संपतं. चूल, शेकोटी, विडी-सिगारेट, यातलं काहीही या दिवसांत डोंगरावर नको. चहा पायथ्याच्या गावात प्या, चार पैसे तिथल्या घरात जातील.

यंदा फेब्रुवारीचा शेवटचा रविवार मोकळा ठेवा आणि कुसुंब पाहून या.