वाचन वाढतंय, कादंबरी थांबलीय

प्रश्न : १९४५च्या वारली उठावावर कादंबरी लिहितेय. रोज संदर्भ वाचते, पानं मात्र पुढे सरकत नाहीत. मधेच उठून समुद्रावर भटकून येते. हे लिखाण टाळणंच का?
– एक वाचक, डहाणू

उत्तर : भटकणं चालू ठेवा. गडबड वाचनाच्या क्रमात आहे. उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पहिला खर्डा होईपर्यंत कपाटात राहू द्या. नाहीतर तुमची पात्रं त्यांच्याच आवाजात बोलू लागतील. सध्या कोरडं वाचा : सिमिंग्टन यांचा १९३०च्या दशकातला आदिवासींवरचा सरकारी अहवाल, जुनं गॅझेटियर. (ते ‘ठाणे’ नावाने शोधा, तुमचा पालघर जिल्हा २०१४चा.) लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा लग्नगडी एकदा नीट कळला, की निम्मी कथा हाती येते.

सकाळी मात्र फक्त लिहा. उठावाची ठिणगी ठरलेली तळासरीजवळच्या झरीची सभा लिहिताना अडलात, तर जागा कोरी सोडा आणि संध्याकाळी तेवढंच शोधा. ती सभा मे महिन्यातली. तारपा भात पिकल्यावरचा, तेव्हा तो तिथे वाजवू नका. असल्या गोष्टी पुस्तकापेक्षा गंजाडसारख्या वारली गावातल्या एखाद्या ओटीवर लवकर कळतात, म्हणून म्हटलं, भटका.